रद्दीत गेलेले अंक

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. अर्थशास्त्राचे एक सर निवृत्तीनंतरही रोज ओझरहून एसटीने वाचायला येत. परदेशी चलन, विनिमय दर, मध्यवर्ती बँका यांवरची इंग्रजी संशोधन-नियतकालिकं त्यांच्याशिवाय कुणी उघडत नसे. ते सगळं सोप्या मराठीत कॉलेजातल्या मुलांसाठी लिहायचं त्यांच्या मनात होतं. वाचता वाचता ते चिठ्ठ्यांवर टिपणं काढत आणि त्याच पानांत ठेवून देत.

पुढे कॉम्प्युटरसाठी जागा हवी झाली. "कोणी वाचत नाही ते अंक काढून टाका," प्राचार्य म्हणाले. सर तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी होते. मी यादी केली, सही केली, आणि टेम्पो भरून अंक रद्दीत गेले.

महिन्याभराने सर काळा चष्मा लावून आले आणि रिकाम्या कपाटापुढे थांबले.

"बाई, अंक कुठे हलवलेत?"

"रद्दीत गेले, सर."

ते खुर्चीत बसले. "माझं पुस्तक होतं हो त्यात."

मी तशीच रिक्षा करून रद्दीवाल्याकडे गेले. कागदाच्या कारखान्यात अंकांचा केव्हाच लगदा झाला होता. परत येऊन सांगितलं, तर सरच मला समजावू लागले, "असू द्या. चिठ्ठ्यांचं तुम्हाला काय ठाऊक?"

मला ठाऊक होतं. कित्येक वर्षं मी त्यांना त्या ठेवताना पाहत होते. यादी करताना मी एकही अंक उघडला नव्हता, आणि तेवढं मला त्यांना सांगता आलं नाही. त्यानंतर सर कधी आले नाहीत.