माझं थंडगार घर आणि आईचं मनगट

आईनं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. "बापू, असं घर बांध का मले लिपाव लागन नाही." मी "हो आई" म्हटलं आणि नागपूरच्या बसमध्ये बसेपर्यंत विसरूनही गेलो. अक्कल गहाण ठेवणारे पुष्कळ असतात. मी ती फुकटात देऊन आलो होतो.

ही दोन हजार सातची गोष्ट. गाव अर्जुनी मोरगावजवळ. जुनं घर मातीचं, छपरावर कवेलू, आणि त्या पावसाळ्यात त्याची मागची भिंत बसली. आईचं उजवं मनगट त्याआधीच मोडलं होतं, दिवाळीच्या तोंडावर भिंत पोतारताना स्टुलावरून पडून. ते वाकडंच जुळलं. आमच्याकडे दिवाळीआधी घरची बाई छुई आणते, म्हणजे पांढरी माती, आणि आधी शेणमाती, मग छुई, असं अख्खं घर हातानं पोतारते. पुरुषानं त्या बादलीला हात लावला तर गाव हसतो. आमच्या गावाला हसायला फार काही लागत नाही, पण हात न लावायला पुरुषांना तेवढं निमित्त पुरतं.

मी नागपूरला कॉलेजात शिकवत होतो. तिथं एक आर्किटेक्ट मित्र झाला. अंगात खादीचा कुर्ता, गाडीत मात्र एसी. "माती श्वास घेते," असं तो डोळे मिटून म्हणायचा आणि मी नंदीबैलासारखी मान डोलवायचो. सिमेंट म्हणजे पाप, स्लॅब म्हणजे भट्टी, हे ज्ञान मी घरी येऊन बाबांना पाजायचो. बाबांनी सत्तर उन्हाळे मातीच्या घरात काढले होते. ते म्हणाले, "अरे, लोक मातीतून निघून राहिले, अन् तू कायले मातीत घुसून राहिला?" मला ते अडाणी वाटले. मला! भिंतीच्या मातीत धानाचं तणस किती घालायचं हेही ज्याला ठाऊक नव्हतं, त्या शहाण्याला!

मित्राच्या नकाशानं बांधलेलं नवं मातीचं घर मात्र झकास झालं, ते नाकारत नाही. दीड हात जाड भिंती, मातीत तणस आणि धानाचा कोंडा कालवलेला, खोल ओसरी, गरम हवा वर निघून जायला छपराखाली झरोके, दिवे सौर. मे महिन्यात बाहेर डोकं तडकायचं आणि आत पंखा लागायचा नाही. मित्र म्हणाला, "देखभाल जवळपास शून्य." हे वाक्य मी जिथं तिथं मिरवलं, कॉलेजात त्यावर भाषणही ठोकलं. आई सगळ्या खोल्यांतून फिरली, प्रत्येक भिंतीवरून डावा हात फिरवत. मला वाटलं, कौतुक करून राहिली. ती मोजत होती.

दिवाळीला आठवडा असताना मित्र दहा-बारा पर्यावरणप्रेमी घेऊन घर दाखवायला आला. पुढे पुढे मी. आई स्टुलावर उभी होती. वाकडा उजवा हात भिंतीला टेकवून डाव्या हातानं छुई ओढत होती, कोपरापर्यंत पांढरी झाली होती. बाबा ओसरीत सुपारी कातरत बसले होते. पाहुण्यांनी कॅमेरे काढले. "किती जिवंत परंपरा!" एक बाई म्हणाली. वा रे परंपरा! मित्र म्हणाला, "आई, जरा इकडे बघता का?" आईनं बघितलं.

एकानं वही काढून विचारलं, "आजी, या घराला वीज किती लागते?"

"वीज नाही लागत बाबू," आई म्हणाली. "मी लागतो."

सगळे खो खो हसले. कुणीतरी ते वहीत लिहूनही घेतलं. मला मात्र मान वर करवेना. मी आईला हाताला धरून खाली उतरवलं आणि बादली घेतली. बाबा तिथूनच ओरडले, "अरे, लोक पाहून राहिले, काऊन इज्जत घालवतो?" म्हटलं, जाऊ द्या, त्या इज्जतीची किंमत आता कळली.

एक भिंत होईस्तोवर माझा खांदा भरून आला. सुटी वाढवून चार दिवस पोतारत होतो, तरी मागची बाजू राहिली. आपलं घर एवढं मोठं आहे हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी मी आतल्या भिंतींना चुन्याचा गिलावा केला आणि खाली फरशी टाकली. मित्र भडकला, म्हणाला, घराचा गळा दाबलास. म्हटलं, दिवाळीआधी ये, स्टूल आणि बादली तयार ठेवतो. अजून यायचा आहे.

बाहेरच्या भिंती दरवर्षी मीच पोतारतो. पहिल्या त्या चार दिवसांत, दमून ओसरीत बसलो असताना, मी आईला रागानंच विचारलं होतं, "एवढा त्रास होता, तर आधी काऊन नाही सांगितलं?"

तिनं माझ्या हाताचे फोड पाहिले, त्यावर तेल लावलं.

"सांगतलं होतं न बापू," ती म्हणाली. "तू हो म्हटला."