झिजलंय कुठं?

हातात काहीही आलं की सर आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. चहाचा कप असो, खडूची पेटी असो, नाहीतर माझ्या टेबलावरची फुटपट्टी. मग म्हणायचे, "झिजलंय कुठं, बघा. वस्तू झिजंल तिथं माणूस सापडतो." माझी फुटपट्टी एकाच टोकाला झिजली आहे, म्हणजे मी रकाने लहान आखते, हे मला त्यांनीच सांगितलं. बरोबर होतं.

सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी गणित. शाळेचं सामान, वेळापत्रक, खोल्यांची वाटणी हे सगळं माझ्याकडं, कारण मला ते आवडतं आणि बाकी कुणाला आवडत नाही. त्यामुळं सरांना एक खोली हवी होती तेव्हा ते माझ्याकडंच आले. सातवीला मध्ययुग असतं.

"राजे पुस्तकात हायत," ते म्हणाले. "मला बाकीच्यांना बसवायला जागा पायजे."

बाकीची मंडळी अशी जमली: जातं, लाकडी पायली, मोटेचं लोखंडी कडं, नांगराचा फाळ, दगडी दिवा आणि ढासळलेल्या बारवेच्या काठाचा, दोरानं खोल घळ पाडलेला एक दगड. कुणी टाकून दिलेलं, कुणी हौसेनं आणून दिलेलं. दगड सोडला तर यातलं काहीच यादवांच्या किंवा बहमनींच्या काळातलं नव्हतं, आणि ते सर पहिल्याच तासाला सांगून टाकायचे. "जातं तुमच्या पणजीचं हाय. पर त्या काळातली बाई आज आली, तर तिला हे चालवायला शिकवावं लागणार न्हाई."

त्यांच्या तासाला नियम एकच, आधी हात, मग तोंड. वस्तू हाताळल्याशिवाय बोलायचं नाही. माझा वर्ग शेजारीच होता, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं.

"झिजलंय कुठं?"

"खुंटा झिजलाय, सर."

"कुणाच्या हातानं?"

"बाईच्या."

"राजाच्या का न्हाई?"

"राजा कशाला दळायलाय, सर!"

वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत. "मग राजा खायचा काय? लिहा, राजाचं पीठ दुसरंच कुणीतरी दळायचं. आता ती कोण, कधी उठायची, तिला काय मिळायचं, ते शोधू."

दसऱ्याला मात्र त्यांची पंचाईत व्हायची. खिचडी करणाऱ्या मावशी सकाळीच खोलीत शिरून सगळ्या वस्तूंना हळदीकुंकू लावून ठेवायच्या. सर ओला फडका घेऊन मागं मागं.

"मावशी, देव न्हाईत ते. ती पायली हाय, माप हाय."

"असू द्या की! मापाला बी पाया पडावं. माप खोटं झालं की घर बसतं."

"हळद लागली की वस्तू बोलायची बंद होती, मावशी."

"मग एक दिस बसू द्या की गप! तुमी तिला वरीसभर बोलायला लावताव."

सरांनी दसऱ्याचा दिवस मावशींना देऊन टाकला. फडका दुसऱ्या दिवशी फिरायचा.

या खोलीतली एक गोष्ट मला सुरुवातीला पटत नव्हती. आतल्या भिंतीवर, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर, दोन लाकडी खुंट्या होत्या. एकमेकींपासून चांगल्या लांब, एका रेषेत, आणि कायम रिकाम्या. जागा रिकामी दिसली की तिथं काहीतरी ठेवावं असं मला वाटतं. एका नव्या शिक्षकांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी तिथं हेल्मेट अडकवलं. सर शांतपणे म्हणाले, "काढा ते. तिथं काठी हाय."

ती काठी कोणती, हे ते दरवर्षी बलुतेदारांच्या धड्याला सांगायचे. सर याच गावचे. गावचं येसकराचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडं होतं. वेशीवर पहारा द्यायचा, सांगावे पोचवायचे, आणि संध्याकाळी घुंगरांची काठी आपटत दारोदार भाकरी मागायची. पगार असा नव्हताच. मिळेल ती शिळी भाकरी, तीही वरून टाकलेली.

"आमच्या वस्तीनं धम्म घेतला, त्या दिवशी माझ्या आजोबानं ती काठी चुलीत घातली," सर सांगायचे. "त्याच जाळावर आजीनं भाकरी केल्या. वडील म्हणायचे, ती भाकरी लय गोड लागली. मागून आणलेली नव्हती."

मग एकेका मुलाला ते खुंट्यांपाशी बोलवायचे. "हात लाव. ह्या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत." मुलं भिंतीवरून हात फिरवत जायची.

"काय लागलं?"

"काईच न्हाई, सर. भिंत."

"ते काईच न्हाई आमी कमावलेलं हाय. ध्यानात ठेवा."

एका जानेवारीत गावातले अण्णा शाळेत आले. जुन्या पाटील घराण्यातले, सत्तरी ओलांडलेले, मनानं सरळ. नात सातवीत होती. सोबत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली लांब वस्तू. मी कार्यालयातून त्यांच्याबरोबर खोलीत गेले. वर्ग भरलेला होता. अण्णांनी फडकं सोडलं. घुंगरांची काठी! वर चांदीचं कडं, त्याला हळदीकुंकू.

"नात घरी सांगायली, सरांच्या खुंट्या रिकाम्या हायत म्हनून. आमच्या माळ्यावर ही पडून व्हती. म्हनलं, गुरुजी, तुमचीच वस्तू हाय, तुमच्या हातात द्यावी."

'तुमचीच.' अण्णांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही दिसलं असतं. ते दोन्ही हातांनी काठी पुढं करून उभे होते. सरांनी ती घेतली असती, तर ज्या आजोबांनी ती सोडली त्यांच्या नातवानं भरवर्गात पुन्हा हातात धरली, असं झालं असतं. नाही घेतली, तर नातीसमोर आजोबांचा अपमान. मुलांनाही कळत होतं.

सरांनी हात पुढं केले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"अण्णा, हितला नियम हाय. आधी हात, मग तोंड. तुमीच बघा आन पोरांना सांगा. झिजलीय कुठं?"

अण्णांना आधी समजलं नाही. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून हळद पुसली आणि वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. मुठीची जागा पाहिली. जमिनीवर टेकणारं टोक उलटं करून पाहिलं. पुन्हा मूठ पाहिली.

"कुठंच न्हाई," ते म्हणाले. "नवी कोरी हाय."

"किती जुनी हाय?"

"मी लहान व्हतो तवाची. तुमच्या लोकांनी काम सोडलं, तवा माझ्या बापानं नवी करून घेतली."

"मग झिजली का न्हाई?"

अण्णांनी काठीकडं पाहिलं, मग नातीकडं.

"धरायला कुणी आलंच न्हाई, गुरुजी."

सरांनी डोळे मिटले आणि उघडले. एवढंच. मग मुलांकडं वळून म्हणाले, "लिहून घ्या. अण्णा सांगायलेत तसंच्या तसं."

अण्णांनी हलक्या आवाजात विचारलं, "खुंटीला लावू का?"

"न्हाई, अण्णा. खुंट्या भरलेल्या हायत. ही खाली ठेवू, पायलीच्या शेजारी. ही बी लय मोलाची हाय."

काठी अण्णांनी स्वतःच ठेवली. सरांनी ती कधीच उचलली नाही, पुसायलासुद्धा. ते काम त्यांनी मला सांगितलं, आणि कारण विचारायची मला गरज पडली नाही. अण्णा पुढं दरवर्षी त्या धड्याला येऊ लागले. बाकावर मुलांशेजारी बसायचे, आपल्या वेळेला उठून तेच वाक्य सांगायचे आणि चहा न घेता जायचे.

सर निवृत्त झाल्यावर पुढच्याच हिवाळ्यात गेले. आजार लांबला नाही. परभणीच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा पलंगाच्या लोखंडी कडेवर त्यांचा अंगठा फिरत होता. "लय जणं धरून बसलेत हितं," एवढंच म्हणाले.

या उन्हाळ्यात शाळेला रंग लावायला घेतला. कामाची विभागणी माझीच. सामान बाहेर, जाळी-जळमटं, मग भिंती. त्या खोलीत रंगारी शिडीवरून ओरडला, "मॅडम, ह्या खुंट्या उपटतो. आन हा काळा पट्टा खरवडावा लागंल, रंग धरणार न्हाई."

मी आत गेले. मोकळ्या भिंतीवर मला तो पहिल्यांदा नीट दिसला. एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत, काठीएवढा लांब, काठीएवढा रुंद पट्टा. मुलांच्या हातांनी रंग गेलेला, गिलावा गुळगुळीत झालेला. मी त्यावरून अंगठा फिरवला.

"राहू दे एवढं," मी म्हणाले. "खुंट्या बी."

"लोक म्हनतील रंग कमी पडला."

"म्हणू दे."

तो पुटपुटत पट्ट्याच्या कडेनं ब्रश ओढत गेला. आता पांढऱ्या भिंतीवर तो दारातूनच दिसतो. जूनमध्ये सातवीची नवी मुलं आली, ज्यांनी सरांना पाहिलंही नव्हतं. पहिली मुलगी आत शिरली, सरळ भिंतीकडं गेली, एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत हात फिरवला, आणि मग माझ्याकडं वळून तोंड उघडलं.

"मॅडम, हितं काय व्हतं?"