वर्लिनचे आठ नोझल

वर्लिन टेसडालनं बायको एका संध्याकाळीच पसंत केली, घर गाडीतून न उतरता घेतलं, आणि शर्ट तर तो आजही अंगाला लावून बघत नाही. पण शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात इंधन सोडणारे नोझल निवडायचे म्हटलं की या माणसाच्या अंगात भलताच चोखंदळपणा संचारतो. तळघरात त्यानं एका फळीवर आठ काचेच्या नळ्या उभ्या केल्यात. वर आठ नोझल लावायचे, पंप चालू करायचा आणि कुठल्या नळीत किती इंधन पडलं ते नाक टेकवून बघायचं. एखादा नोझल केसभर जास्त सोडायला लागला की त्याची रवानगी खोक्यात.

"आठ सिलिंडर म्हणजे आठ तोंडं," तो म्हणतो. "एकाला जास्त, एकाला कमी, असलं माझ्या घरात चालत नाही."

"पोरं लहान होती तेव्हा केकचे तुकडे करताना कुठे गेला होता हा न्याय?" त्याची बायको ऑर्ला वरून ओरडते. स्वयंपाकघरापर्यंत मेथनॉल इंधनाचा वास जातो, त्यामुळे तिला बोलायचा पूर्ण हक्क आहे.

गाडी चालवते ती त्यांची धाकटी, जोलीन. आठवडाभर ती शाळेची बस इतकी सांभाळून हाकते की मागचे लोक हॉर्न वाजवून दमतात. ती सगळी कसर ती शनिवारी आमच्या मातीच्या ट्रॅकवर भरून काढते. या गाड्यांना स्टार्टर नसतो, मागून ट्रकनं ढकलून चालू कराव्या लागतात. तो ट्रक माझा. टेसडाल घराण्याला पुढे ढकलण्यात माझी निम्मी हयात गेली.

या हंगामात बापलेकीचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. इंजिनाला इंधन जास्त गेलं तर ते सुस्त, पण सुखरूप राहतं. कमी गेलं तर चपळ होतं, पण पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. पूर्वी वर्लिन अगदी काठावर सेटिंग करायचा. यंदा मात्र जे मोठे नोझल लावून बसला, ते काही केल्या काढेना.

"बाबा, गाडी ढेकर देत पळते," जोलीन म्हणायची.

"ढेकर देणारं इंजिन घरी परत येतं."

"हो, सगळ्यात शेवटी येतं."

मग जोलीननं आपला मार्ग शोधला. पंपाकडून टाकीत परत जाणाऱ्या नळीत भोक असलेली एक छोटी चकती बसते, तिला सगळे गोळी म्हणतात. गोळीचं भोक मोठं असलं की जास्त इंधन टाकीत परत जातं आणि इंजिनाच्या वाट्याला कमी येतं. वर्लिन पोर्क टेंडरलॉइनचं सँडविच खायला गेला की ही पोरगी त्या नळीचं टोपण उघडून मोठ्या भोकाची गोळी घालायची आणि साळसूदपणे काकडीचं लोणचं खात बसायची. गाडी सुधारली की वर्लिन छाती काढून सांगायचा, "बघा, मोठे नोझल." हे अख्ख्या पिटला, म्हणजे गाड्या तयार करतात त्या आवारातल्या सगळ्यांना, ठाऊक होतं. बापाला सांगायची कुणाची छाती नव्हती, माझीही नाही.

तरी तीन हंगामांत जोलीन मुख्य शर्यतीत एकदाही पोचली नव्हती. यंदाच्या शेवटच्या शनिवारी तिला अखेरची संधी होती. पात्रतेच्या शर्यतीतून पहिले चार जण मुख्य शर्यतीत जाणार होते, आणि ती तिसऱ्या जागेवरून सुटणार होती.

मी तिची गाडी ढकलली. इंजिन पेटलं आणि लगेच फटाक्यांची माळ लावल्यासारखं तडतडू लागलं. इंजिन उपाशी आहे हे शेंगदाणे विकणाऱ्यालाही कळलं. सगळ्यांच्या माना वळल्या. मैदानाच्या मधल्या कामाच्या जागेत वर्लिन मात्र हसतमुखानं शाबासकीचा अंगठा वर करून उभा होता.

जोलीननं गाडी थेट त्याच्यापुढे आणून उभी केली. तिथे थांबलं की जागा जाते आणि सगळ्यांच्या मागून सुटावं लागतं. ते पत्करून ती थांबली होती. मीही ट्रक लावून धावलो.

"गोळी बदल," ती हेल्मेटमधून ओरडली. "लहान भोकाची घाल."

वर्लिननं टोपण काढलं आणि हातातल्या गोळीकडे बघतच राहिला. "ही कुणी घातली?"

"मी. दर वेळी मीच घालते."

"अगं, आज मी नोझलच लहान लावलेत. तुझ्या मनासारखे. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, पोरीला खूश करावं."

"आणि हे तडतडणं? ते ऐकू येत नव्हतं तुला?"

 वर्लिन माझ्याकडे न बघता तिच्या हेल्मेटजवळ वाकला. "ईस्टरपासून डावा कान गेलाय. उजव्याचंही फारसं खरं नाही. इंजिन उपाशी आहे की नाही, मला कळत नाही गं. म्हणून मोठे लावत होतो. आत तू बसलेली असतेस."

पंचानं बोट वर केलं, एकच मिनिट उरलं होतं. वर्लिननं गोळ्यांचा डबा तिच्यापुढे धरला. आजवर या माणसानं सेटिंग कुणाला विचारून केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कुठली घालू?"

तिनं बोट ठेवलं, त्यानं ती बसवली, मी ढकललं. इंजिनानं लगेच स्वच्छ सूर धरला. सगळ्यात मागून सुटून ती एकेकाला मागे टाकत गेली आणि पाचवी आली. चौथ्याचं फक्त पुढचं चाक तिच्या पुढे होतं.

तिनं ट्रेलरपाशी येऊन हेल्मेट काढलं तेव्हा डोळे लाल होते. वर्लिन उलट्या बादलीवर बसला होता. 

"आवाज कसा होता?" त्यानं विचारलं.

जोलीन त्याच्या उजव्या बाजूला मातीत गुडघे टेकून बसली. त्याच्या कानाला तोंड लावून तिनं हिरव्या झेंड्यापासूनची सगळी शर्यत तोंडानं वाजवून दाखवायला सुरुवात केली. वळणावर सूर खाली, सरळ पट्ट्यात वर. पिटमधले लोक बघत होते, पण तिला त्याची फिकीर नव्हती. दुसऱ्या वळणापाशी वर्लिननं हात वर केला.

"इथे जरा जड वाटतंय."

"हो बाबा," ती म्हणाली. "तिथे जरा जडच होतं."