गाडीतली एक जागा आणि तीन पिकअप

गेल्या दिवाळीनंतर आमच्या पार्टीत एक कीबोर्ड आला आणि माझी झोप उडाली. पार्टी म्हणजे ब्रह्मपुरीतली भीमगीतांची पार्टी. एक ढोलकी, एक ऑक्टोपॅड, कोरसला दोन बाया, गिटारवर मी आणि सगळ्यांच्या पुढे माईक धरून बाई. बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. पार्टी त्यांची, सुपाऱ्या त्या घेणार, गाडीत कोण कुठे बसणार हेही त्याच सांगणार. पेटीवाले दोन वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला गेले, तेव्हापासून सुराचा सगळा कारभार माझ्या गिटारवर होता. बाईंची पट्टी काळी पाच, म्हणजे चांगली उंच. वीस वर्षांत ती बदलली नव्हती आणि आमच्या भागात ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा बाईंना अभिमान होता, आणि का नसावा?

कीबोर्ड घेऊन आले ते कृषी केंद्रवाले भाऊ. बियाणं विकता विकता फोनवर बघून शिकले. पहिल्याच रविवारी समाजमंदिरात त्यांनी एकेक बटण दाबून दाखवलं. बासरी, सनई, सतार आणि शेवटी माझ्याकडे बघत गिटार. ती गिटार ताटलीवर चमचा आपटल्यासारखी वाजत होती, पण कोरसच्या बायांनी माना डोलावल्या. मग बाई त्यांच्याबरोबर दोन गाणी गायल्या, अगदी मोकळ्या गायल्या. जाताना मला म्हणाल्या, "गाडीत जागा एकच हाये भाऊ, दोघायले नेता नाई येत. तुले एटापल्लीच्या कार्यक्रमाले नेऊन पाहू, मग ठरवू."

कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? कीबोर्डात शेकडो आवाज, माझ्या गिटारमध्ये एक, आणि तोही नाकातला. वीस वर्षं ज्या सीटवर बसलो ती सीट एका बटणवाल्या डबड्यापायी जाणार होती. मी ठरवलं की आपली गिटारही आता सगळं वाजवेल.

दुसरी गिटार घेण्याचा प्रश्नच नव्हता. गाडीत गिटार मांडीवर असते, आणि मांडी एकच. म्हणून आहे त्याच गिटारचे पिकअप बदलायचे. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढे दिलेली बारीक तार. वरची तार थरथरली की ते पकडतं आणि भोंग्याकडे पाठवतं. एका गुंडाळीचा पिकअप स्वच्छ, चमकदार वाजतो, पण जनरेटर सुरू झाला की भुंग्यासारखा गुणगुणत बसतो. आणि आमच्या जंगलाकडच्या कार्यक्रमांत जनरेटर हा ढोलकीइतकाच नियमित असतो. दोन गुंडाळ्यांचा, म्हणजे हमबकर, गुणगुणत नाही, जाडजूड वाजतो, पण लाडाच्या गाण्यातसुद्धा दम देऊन बोलतो. मला दोन्ही हवे होते. जयंतीच्या गाण्यांना चमक, लग्नातल्या हिंदी गाण्यांना जाडी, कव्वालीच्या ढंगाला गोलाई आणि आदिवासींच्या रेला नाचाच्या चालीला टणत्कार. थोडक्यात, मला एका गिटारमध्ये अख्खी पार्टी बसवायची होती.

मग मी अभ्यासाला लागलो. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे, त्यामुळे अभ्यास करण्यापेक्षा अभ्यासाची मांडामांड करण्याची सवय जास्त. वहीत तक्ते केले. फोनवरच्या व्हिडिओत दोन माणसं एकच सूर दोन पिकअपवर वाजवत आणि "फरक ऐकलात ना?" असं विचारत. मला फरक ऐकू येई. एसटीत, खिडकीच्या खडखडाटात, एका कानात बिघडलेला इअरफोन घालून मला सिरॅमिक आणि अल्निको या दोन चुंबकांमधला फरक ऐकू येई. माझे कान किती तयार झालेत, हे मी बायकोला रोज सांगायचो. तिने ते रोज ऐकून घेतलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. आलापल्लीला वनखात्यात असलेला माझा साळा मात्र म्हणाला, "पिकअप-फिकअप सोडा भाऊजी, गिटार सागवानाची बनवा." आलापल्लीत कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सागवान असतं. पलंग कुरकुरला तरी आणि पोरीचं लग्न जमत नसलं तरी.

शेवटी ठरलं. पुलाजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकतात तिथे, एक हमबकर, तोही असा की बटण ओढलं की त्याची एक गुंडाळी झोपी जावी. मध्ये आणि मानेजवळ एकेरी पिकअप. त्यातला मधला उलटा गुंडाळलेला, म्हणजे शेजारच्याबरोबर लावला की दोघांची गुणगुण एकमेकांना खाऊन टाकते. सुताराकडून हमबकरपुरतं भोक मोठं करून घेतलं आणि कॉलेजच्या सोल्डरिंग आयर्नवर सगळं जोडलं. पहिल्यांदा दोन तारा उलट लागल्या आणि गिटारला सर्दी झाली. दुसऱ्यांदा मात्र असा आवाज आला की मी एकटाच प्रयोगशाळेत हसत बसलो. खरंच आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

दर रविवारी तालीम होती. एक रविवार कीबोर्डचा, एक माझा. माझ्या रविवारी एक गोष्ट मी टिपली. अंतऱ्यात चाल वर चढली की बाई थांबत, माईक कोरसकडे करत आणि ती ओळ कोरसच्या बाया म्हणत. कीबोर्डच्या रविवारी असं होत नव्हतं. मी वैज्ञानिक वृत्तीचा माणूस. अनुमान काढलं की आपला पिकअप फार तिखट आहे, बाईंच्या आवाजावर चढतो. मी पुलाजवळचा सिरॅमिक चुंबकाचा हमबकर काढून अल्निकोचा बसवला. माझ्या पुढच्या रविवारीही बाईंनी ती ओळ कोरसला दिली. मग मी त्याची उंची एक आटा खाली उतरवली.

एटापल्लीचा कार्यक्रम होता विहाराच्या वर्धापनदिनाचा, दुपारी दोनला. आम्ही पहाटे निघालो. आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या वळणांवर ऑक्टोपॅडवाल्याला उलटी झाली म्हणून गाडी थांबली, आणि तेवढ्या वेळात मी मांडीवरच्या गिटारच्या पिकअप निवडायच्या बटणाची पाचही स्थानं मनात म्हणून घेतली. मांडवात पोचलो तर लाईन नव्हती. जनरेटर सुरू झाला. मी तार छेडली आणि गुणगुण नावालाही नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

पहिल्या गाण्यात मी दोन आवाज वापरले, दुसऱ्यात तीन. चमक, जाडी, गोलाई, सगळं जिथल्या तिथे. पुढे बसलेली मंडळी टाळ्या वाजवत होती आणि मला वाटलं, सीट पक्की झाली. बाईंनी दोन्ही गाण्यांत वरची ओळ कोरसला दिली. दुसऱ्या गाण्यात कोरसची एक बाई नेमकी पाणी पीत होती. ओळ बाईंनाच घ्यावी लागली आणि ती मध्येच फाटली. मांडवातले एक म्हातारे गृहस्थ मान खाली घालून पायाजवळची सतरंजी सारखी करायला लागले.

भाषण सुरू झालं तसा मी बाईंच्या पाठोपाठ मांडवाच्या मागे गेलो. बाई चहाचा कप हातात धरून उभ्या होत्या, पीत नव्हत्या.

"दोन पडदे खाली घे," त्या म्हणाल्या. "काळी चार."

"कधीपासून, बाई?"

"वर्स झालं." त्यांनी कप खुर्चीवर ठेवला. "त्या कीबोर्डवाल्या भाऊले मी काईच सांगतलं नोयतं. त्याचं बटन चुकून दबलं, सूर खाली आला अन् मले गाता आलं. मग मी म्हनलं, तसंच राहू दे. मशीनच्या बटनाले सांगाले लाज नाई वाटत. तुले कसं सांगू? वीस वर्सं तू मले काळी पाच देऊन राह्यला."

मी परत जाऊन बसलो. काळी चार घेतली आणि बटण एकाच जागी ठेवून उरलेली सगळी गाणी वाजवली. बाईंनी प्रत्येक वरची ओळ स्वतः म्हटली. कोरसच्या बाया नुसत्या टाळ्या देत राहिल्या.

परतताना गाडीत माझी जागा त्यांच्या शेजारीच होती. पुढच्या रविवारी सातला स्टँडवर ये, असं त्यांनी मला सांगून टाकलं. म्हणजे जागा राहिली. त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला लाज वाटत होती, आणि ती आतल्या आत धरून ठेवणं जमेना.

"बाई, मले समजाले पायजे होतं," मी म्हणालो. "वर्षभर मी तुमच्या बाजूलेच बसून ऐकून राह्यलो होतो ना."

"तू कुठी ऐकत होता," बाई म्हणाल्या. "तू तं वाजवून राह्यला होता."