हजराबीच्या बोटांतलं भान

दिंद्रुडच्या बाजारात हजराबी मनेरीण बसली की तिच्याभोवती बायकांचा घोळका आपोआप जमायचा. बांगड्या काय, कुठंही मिळतात. पण भरून घ्यायच्या त्या हजराबीच्याच हातून, असं आसपासच्या आठ-दहा गावांतल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं. ती समोरच्या बाईचा पंजा हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी हळूच दाबायची आणि बाई सासरच्या गोष्टी सांगण्यात गुंगलेली असतानाच काचेची बांगडी मनगटात उतरलेली असायची. माप डोळ्यांनी नाही, बोटांनी घ्यायचं, हे तिला सासूनं शिकवलं होतं.

पण बसणंच अवघड होत चाललं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी हजराबीचं वजन एकशे अठ्ठावीस किलोवर गेलं. खाली बसली की उठवायला दोघी लागत, म्हणून तिनं बाजारात लोखंडी खुर्ची आणली. खुर्चीवरून वाकून बांगड्या भरताना तिला धाप लागे. साखरेचं इंजेक्शन दिवसातून दोनदा. नमाजसुद्धा खुर्चीवरच, कपाळ जमिनीला टेकून पाच वर्षं झाली होती, आणि याची खंत तिला गुडघ्यांच्या दुखण्यापेक्षा जास्त होती. बीडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि सांगून टाकलं, "आधी वजन उतरवा. या वजनावर मी गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही."

उतरवा म्हटल्यानं उतरतंय होय! तिनं भात सोडला, चहातली साखर सोडली, कुणी सांगितलं म्हणून दोन महिने सकाळी मेथीचं पाणी प्याली. सहा किलो उतरले आणि ईदपर्यंत आठ चढले.

तिची लेक अलिना गेवराईला दिलेली. डी. फार्मसी शिकलेली, तिथल्याच एका मेडिकलमध्ये काम करणारी. तिनं वजन उतरवायच्या ऑपरेशनची माहिती काढली आणि आई-बापाला घेऊन ती औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं : जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, उरते ती केळ्याएवढी नळी. भूक कमी होते, साखर उतरते. पण आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या, थोडंथोडं खायचं, तपासणी चुकवायची नाही.

घरी आल्यावर नणंदेनं तोंड सोडलं. "धडधाकट बाई आपल्या हातानं पोट कापून घ्यायला निघाली. पोरगी शिकली म्हनून काय आईवर हात साफ करायची व्हय?" हजराबी नवऱ्याकडं बघत राहिली. खाजामियाँ हातगाडीवर फळं विकायचा आणि दिवसभर ओरडून घसा बसल्यावर घरात फारसं बोलायचा नाही. तो एवढंच म्हणाला, "अलिनाची अम्मी, मला तू उठती-बसती पायजे. बाकी तू बघ."

ऑपरेशन नीट झालं. पहिला महिना नुसत्या पातळ पदार्थांवर गेला आणि चौदा किलो वजन उतरलं. इंजेक्शन निम्म्यावर आलं. शेजारणी तिला बघायला येऊ लागल्या, तिच्या ढिल्या झालेल्या कुर्त्याची बाही ओढून हसू लागल्या. नणंदसुद्धा गप्प झाली.

दुसऱ्या महिन्यात मऊ जेवण सुरू झालं आणि उलट्या लागल्या. आधी खिचडी पोटात राहीना, मग वरणाचं पाणी राहीना. वॉर्डातल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, "असल्या ऑपरेशनमंदी उलट्या व्हतातच." ते हजराबीनं गाठीशी बांधलं. घरी जाताना दवाखान्यानं एक छापील कागद दिला होता. दोन दिवसांपेक्षा जास्त उलट्या झाल्या तर लगेच फोन करा, असं त्यावर ठळक लिहिलेलं होतं. पण हजराबीला वाचता येत नव्हतं, आणि खाजामियाँनं तो कागद न वाचताच जपून कपाटात ठेवला होता. गोळ्या गिळल्या की त्याही बाहेर पडत. मग तिनं त्या बंदच केल्या.

अलिनाचा रोज दुपारी फोन यायचा.

"अम्मी, खाल्लंस का?"

"खाल्लं की. दोन चमचे खिचडी."

हे खोटं नव्हतं. खाल्ल्यानंतर काय झालं, तेवढं ती सांगत नसे. पोरीनं हट्टानं ऑपरेशन करवलं. आता उलट्यांचं कळलं तर नणंद पुन्हा तिच्या नावानं खडे फोडील, पोर आतून खचेल. त्यापेक्षा आठ दिवसांत थांबतील आपोआप, असं ती स्वतःला समजावत राहिली. नवऱ्यालाही तिनं शपथ घातली. त्यानं ती पाळली, आणि त्याचं त्याला पुढं फार वाईट वाटलं.

अगदीच गळून गेली की ती गावातल्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घ्यायची. ऑपरेशनचं तिनं तिथं सांगितलंच नाही. पोट बिघडलंय म्हणाली. सलाईन चढलं की एक दिवस बरं वाटे. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळेनंतर मात्र तिला वेगळंच काहीतरी जाणवू लागलं. चालताना कोंड्याच्या ढिगावर पाय पडावा तसं वाटे. चप्पल पायातून निसटली तरी कळत नसे. बोटांना मुंग्या येत आणि मग त्या मुंग्याही थांबून बोटं लाकडासारखी होत. अशक्तपणा आहे, जाईल, असं ती म्हणे.

त्याच दिवसांत शेजारच्या संगीताच्या लेकीचं लग्न निघालं. संगीताच्या घरी मेंढरं, थोडी शेती. संगीताच्या स्वतःच्या लग्नाचा चुडा हजराबीनंच भरलेला. आता लेकीचाही तिच्याच हातून भरायचा, हे ठरलेलंच होतं. हजराबी भिंतीचा आधार घेत घेत तिच्या ओसरीवर पोचली. बायका जमल्या. नवरीनं हात पुढं केला.

पहिली हिरवी बांगडी बोटांच्या गाठींपाशी आली आणि तुटली.

"वाढली," कुणीतरी म्हणालं. बांगडी तुटली असं शुभकार्यात म्हणायचं नसतं.

दुसरीही वाढली. हजराबीला बांगडी बोटांत धरल्याचंच कळत नव्हतं; किती जोर लागतोय याचा अंदाज येत नव्हता. चौथ्या बांगडीची काच पोरीच्या मनगटात घुसली आणि रक्ताचा थेंब हळदीच्या हातावर आला. तीस वर्षांत हजराबीच्या हातून नवरीला कधी ओरखडा उठला नव्हता.

"वाढली तर वाढली, मावशी," संगीता घाईनं म्हणाली. "तुमी जरा दम घ्या. च्या टाकते."

"न्हाई, मी जाते," म्हणत हजराबी उठली. पाय टेकल्याचं तिला कळलंच नाही. ती बांगड्यांच्या पेटीवरच आडवी झाली.

संगीतानं तिला उचलून बसवलं तेव्हा हजराबी तिच्याकडं विचित्र नजरेनं बघत होती. "संगीता, तुझ्या शेजारी ही दुसरी कोन हाय?" तिनं विचारलं. शेजारी कुणीच नव्हतं.

संगीता मनातून चरकली. तिनं सरळ हजराबीच्याच फोनवरून अलिनाला फोन लावला. "अलिना, तुझी आई लई आजारी हाय. आत्ता तोल जाऊन पडली, अन् एकीच्या दोघी दिसत्यात तिला. कवापासून उलट्या करतीय, तुला सांगत न्हाई. लग्नघर हाय म्हनून मी गप बसनार न्हाई. आत्ताच्या आत्ता ये."

अलिनानं गाडीत बसता बसता औरंगाबादच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या आहारतज्ज्ञ तेजश्री मॅडमनी तीनच प्रश्न विचारले : उलट्या किती दिवस, चालताना तोल जातो का, एकाचे दोन दिसतात का. उत्तरं ऐकून त्यांचा आवाज बदलला. "अंगातलं बी-वन जीवनसत्त्व संपलंय. आता कुठंही थांबून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावू नका, त्यानं आणखी बिघडतं. आधी बी-वनचं इंजेक्शन. सरळ इकडं या, मी डॉक्टरांना सांगून ठेवते."

दवाखान्यात शिरेतून ते औषध सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी हजराबीला अलिना एकच दिसू लागली. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं तर जठराची नळी मधेच एका जागी आवळली गेली होती. पाणीसुद्धा तिथून मुश्किलीनं जात होतं. डॉक्टरांनी आत फुगा फुगवून ती जागा रुंद केली. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा केली. उलट्या थांबल्या.

"हे होऊ शकतं, म्हणूनच तो कागद दिला होता," डॉक्टर म्हणाले. "पण वाचता येतं का, हे आम्ही विचारायला हवं होतं."

अलिनानं चार दिवस स्वतःला आवरलं होतं. पाचव्या दिवशी आईचे केस विंचरताना फणीत केसांचा पुंजकाच आला आणि तिला रडू फुटलं. "मला का सांगितलं नाहीस अम्मी?"

"तुला कुनी बोलू नये म्हनून."

"म्हणजे मला बोल लागू नये म्हणून तू मरणार होतीस?"

आपण लेकीला वाचवत होतो, असंच हजराबीला इतके दिवस वाटत होतं.

बरं व्हायला वर्ष गेलं. आधी वॉकर, मग काठी, मग भिंत. बोटांसाठी खाजामियाँनं आपली एक युक्ती काढली. दुपारी गाडी दारात लावून तो तिला डोळे मिटायला सांगायचा आणि हातात एकेक फळ ठेवायचा. सीताफळ तिनं पहिल्यांदा ओळखलं, त्याच्या खवल्यांमुळं. पेरू आणि मोसंबी वेगळी कळायला तीन महिने लागले. चिकू ओळखला त्या दिवशी खाजामियाँनं गल्लीतल्या पोरांना अख्खी पाटी वाटून टाकली.

आज हजराबीचं वजन शहात्तर किलो आहे. साखरेचं इंजेक्शन सुटलं, एक गोळी राहिली. ती जमिनीवर बसते, उठते, सजद्यात कपाळ टेकते. पहिल्यांदा टेकलं तेव्हा बराच वेळ तिनं डोकं वर उचललंच नव्हतं. पण तळपाय अजून बधिर आहेत. उन्हाळ्यात एकदा पाय पोळला, ते फोड दिसल्यावरच तिला कळलं. दंडाची, पोटाची कातडी लोंबते. दावतीत चार घासांवर थांबली की यजमान रुसतात. काचेच्या बांगड्या ती पुन्हा भरते, पण भर उजेडात, नजर बोटांवर ठेवून. पूर्वीसारखं गप्पा मारत मारत जमत नाही.

मागच्या हिवाळ्यात बिंदुसरा धरणाजवळच्या पालीहून कौशल्याबाई नावाची बाई तिला शोधत आली. अंगानं हजराबी पूर्वी होती तेवढीच. तिलाही डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. खुर्चीत टेकत तिनं विचारलं, "खरं सांगा, करू का नको?"

हजराबीनं काहीच लपवलं नाही. सजदा सांगितला, केस सांगितले, नवरीच्या मनगटावरचं रक्त सांगितलं.

"मंग तुमी पुन्यांदा केलं असतं का?"

"केलं असतं," हजराबी म्हणाली. "पन खोटं बोलले नसते."

कौशल्याबाईनं महिन्यानं त्याच दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. घरी आल्यावर सहाव्या दिवशी तिचा फोन आला. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती, आणि घरच्यांना सांगायला तिला संकोच वाटत होता. हजराबी बाजारात होती. समोरच्या बाईचा हात तिनं हळूच बाजूला ठेवला.

"सुनंला हाक मार," ती फोनवर म्हणाली. "आत्ता, माझ्यादेखत. मी फोन ठेवत न्हाई."

पलीकडून सुनेला मारलेली हाक तिला ऐकू आली, मग सुनेचा आवाज. तिला हजराबीनं दवाखान्याचा पाठ केलेला नंबर एकेक आकडा करून सांगितला. संध्याकाळी निरोप आला : पाणी घाईघाईनं प्याल्यानं झालं होतं, घाबरण्यासारखं काही नाही. हजराबी म्हणाली, बरं झालं विचारलंत ते.