गाडी उजवीकडे ओढते

गॅरेजवाल्यांच्या घरात लग्न करून आलं की किस्से जमवावे लागत नाहीत. साडीला ग्रीस लागतं तसे ते आपोआप लागतात. आमचं गॅरेज भांडुपला, आणि त्याच्याच मागे आमची खोली. मी फारशी बोलत नाही, म्हणून सगळे माझ्यासमोर बोलतात.

*

मैत्रिणींनी विचारलं, लग्नानंतर फिरायला कुठे गेलात गं? म्हटलं, ट्रायलला. खोटं नव्हतं. एका खोलीत सासू-सासरे आणि आम्ही. निवांत बोलायला मिळे ते फक्त दुरुस्त झालेल्या गाडीतून चक्कर मारताना. मुलुंडच्या बाजूला मोकळा रस्ता मिळाला की हे स्टिअरिंग सैल धरून ब्रेक दाबत. गाडी सरळ थांबली तर काम बरोबर. नाही तर माझं डोकं काचेवर. सासूबाईंनी टेंगूळ पाहिलं आणि लेकाला कोपऱ्यात घेऊन विचारलं, हात उचलतोस की काय रे?

*

सासरे, म्हणजे अप्पा, टॅक्स्यांवर काम शिकलेले. सगळी हयात ड्रमच्या ब्रेकवर गेली. मग त्या नव्या छोट्या मोटारी आल्या. पुढच्या चाकांना डिस्क, आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड. नवा सेट मिळायची मारामार. अप्पांनी उपाय काढला. निघालेले पण जाड राहिलेले पॅड बिस्किटांच्या डब्यात साठवायचे, आणि एका चाकाचे झिजले की जाडी जुळवून तेवढेच बदलायचे. माल मऊ की कडक, हे बघायचं नाही.

हे म्हणाले, "अप्पा, जाडी सारखी म्हणून पकड सारखी होत नाही. बदलायचे तर दोन्ही चाकांचे."

"तुझा एक दात पडला तर सगळी कवळी बसवू काय रे?"

गॅरेजभर हसू. मीसुद्धा, पदराआड.

*

घाटकोपरचे एक रिटायर्ड हेडमास्तर गाडी घेऊन आले, ते तक्रार करायला नाही, कौतुक सांगायला. घराजवळच्या देवळापाशी ब्रेक लावला की गाडी आपणहून डावीकडे, देवाकडे वळते म्हणे. ते आत बसूनच हात जोडत. देवळाबाहेरची फुलवाली मात्र दोनदा टोपली टाकून पळाली होती.

ह्यांनी चाकं खोलली. डावीकडचे पॅड घट्ट धरणारे, उजवीकडचे दुसऱ्याच मालाचे, गुळगुळीत. ज्या चाकाची पकड जास्त, त्या बाजूला गाडी ओढली जाणार. दोन्हीकडे एकसारखे बसवले. मास्तर पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. गाडीत आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही म्हणाले.

*

बोरिवलीच्या एक बाई होत्या. त्यांची गाडी ब्रेक लावला की एका बाजूला जायची, म्हणून त्या स्टिअरिंग आधीच दुसऱ्या बाजूला ओढून धरायच्या. इतके दिवस सांगितलं का नाही, असं ह्यांनी विचारलं. "सवय झाली हो," त्या म्हणाल्या, "सासरी आल्यापासून तेच करतेय." हे हसले. मी कपबशा विसळायला उठले.

*

नानूकाका म्हणजे अप्पांच्या गावचे, मालवणकडचे, लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या गाडीचे ब्रेक अप्पांनी स्वतः केले. ट्रायल घेऊ या म्हटलं तर काका म्हणाले, तुझ्या हातचं काम, त्याला ट्रायल कसली? आणि लेकीकडे ट्रॉम्बेला निघाले. ओल्या उतारावर ब्रेक लावला तेव्हा गाडी गर्रकन उजवीकडे फिरली, समोरून येणाऱ्या ट्रकपुढे. काका एकटेच होते.

पोलिसांनी सोडल्यावर गाडी आमच्याच दारात आली. ह्यांनी चाकं खोलली आणि दोन पॅड तळहातावर ठेवून अप्पांपुढे धरले. उजवीकडचा नवा. डावीकडचा डब्यातला. अप्पा नळावर जाऊन हात धूत राहिले.

*

तेरावं झाल्यावर काकी आल्या. बाहेर ताडपत्रीखालच्या गाडीवरून हात फिरवला, मग आत येऊन बसल्या.

"त्येंका कायतरी दिसला असतला, भावजी," त्या म्हणाल्या. "कोणाचा तरी पोर आडवा इला असतला. तेका वाचवूक त्येंनी गाडी उजवीकडे घातल्यानी."

दिवसांना आलेल्या सगळ्या पाहुण्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं. लोक म्हणाले होते, देवमाणूस गेला. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

ह्यांनी अप्पांकडे बघून मान अगदी थोडी हलवली. राहू द्या, अशी. मी मध्ये चहा पुढे केला. काकींनी कप घेतला. अप्पांनी घेतला नाही.

"वयनी," ते म्हणाले, "आडवा कोणच येवक नाय."