दमदम ते टोरांटो, दोऱ्याने
तुपात डिंक तळल्याचा वास आला की दमदम विमानतळाजवळच्या सॉल्ट लेकमधले आमचे शेजारी आठवतात. त्यांच्या मुलीचं टोरांटोत बाळंतपण तोंडावर आलं होतं. त्याआधी पोचायचं म्हणून काकू डिंकाचे लाडू वळत होत्या, आणि निवृत्त अधिकारी असलेले काका पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून आम्हाला व्याख्यान देत होते. "सर्वांत जवळचा रस्ता उत्तर ध्रुवावरून!" "त्या रस्त्याने इथून विमान आहे का?" काकूंनी विचारलं. "थेट नाही. दिल्लीला बदलायचं." "मग तिकीट काढलंत?" "आधी अंतर तर नक्की होऊ दे." काकूंनी दोरा ओढून घेतला, त्यानेच लाडवांचा डबा करकचून बांधला आणि म्हणाल्या, "झालं नक्की." काकांनी चष्मा शोधला आणि तिकीट काढलं. हल्ली विमानाचं अंतर आणि वेळ फोनच सांगतो. आमच्याकडे मात्र अजूनही तिकीट निघतं ते डबा बांधून झाल्यावरच.